कापलेलं शिंग उकिरड्यावर टाकू नका

गुरांना कॅन्सर होतो, हे आमच्या भागात अजून पुष्कळांना खरं वाटत नाही. कॅन्सर माणसाचा, तोही तंबाखू-मिश्री लावणाऱ्याचा. बैल कुठे तंबाखू खातो? गोठ्यात उभं असताना हा प्रश्न मला अगदी मनापासून विचारला गेला आहे. मी सिंधुदुर्गात, देवगड-कणकवली पट्ट्यात पशुवैद्यक म्हणून काम करते. त्याआधी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्र शिकले, म्हणजे रोगाने बिघडलेल्या मांसाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून काय बिघडलं ते ओळखायला. त्यामुळे फिरतीवर निघताना औषधांच्या पेटीत रुंद तोंडाची एक बरणी असतेच. लोकांना ती लोणच्याची वाटते. आज लिहायचं आहे ते त्या बरणीत काय जायला हवं आणि काय जात नाही याबद्दल.

गेल्या पावसाच्या तोंडावर सड्यावरच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावरच्या, एका वाडीतून बोलावणं आलं. बैलाचे मालक आबा लालबागच्या गिरणीत होते, ८२च्या संपानंतर गावी आले आणि तेव्हापासून शेती करतात. पेरणी जवळ आलेली, नांगर काढून ठेवलेला. म्हणाले, "बाय, शिंग हालता. जू घालूक गेलंय तर मान काढून घेता."

बैल गावठी, तांबूस, आठ-नऊ वर्षांचा. डावीकडे मान कलती. मधूनच डोकं झटकायचा आणि डावं शिंग खांबाला घासायचा. खांबावर तेवढ्या उंचीला ओलसर डाग पडला होता. डाव्या नाकपुडीतून पातळ, तांबूस स्राव. मी आधी उजव्या शिंगावर बोटाच्या पेराने टकटक केलं, पोकळ आवाज आला. डाव्यावर केलं, आवाज भरीव, बद्द. बुडाशी हात लावला तर ऊन लागलं आणि बैलाने मागचा पाय आपटला.

शिंग बाहेरून पाहिलं तर ते नखासारखं निर्जीव वाटतं, म्हणून त्यात रोग होईल हे पटत नाही. पण ते टोपण झालं. टोपणाच्या आत हाडाचा गाभा असतो, त्याला रक्तपुरवठा असतो, नस असते. वासरू सहा-सात महिन्यांचं झालं की कपाळाच्या हाडातली पोकळी हळूहळू या गाभ्यात शिरायला लागते. त्या पोकळीला आतून नाजूक अस्तर असतं आणि ती नाकाशी जोडलेली असते. शिंगाचा कॅन्सर आतल्या आत सुरू होतो, गाभा पोखरतो, पोकळी भरून टाकतो. म्हणून आवाज बद्द येतो. म्हणूनच त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त-पू येतो आणि शेवटी शिंग बुडापासून सैल होऊन वाकतं. शिंग वाकलेलं दिसतं तेव्हा रोग बराच पुढे गेलेला असतो. त्याआधी महिना-दोन महिने बैल डोकं झटकून सांगत असतो. आपण त्याला माशी म्हणतो.

मी आबांना कॅन्सरचा संशय सांगितला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मगे ह्येका टाटाक न्हेवचो लागतलो?"

गिरणगावात उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाने विचारलेला हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. कोकणातल्या बहुतेक घरांतून कुणी ना कुणी परळच्या टाटा हॉस्पिटलच्या पायऱ्या चढलेलं आहे. १९४१ साली सुरू झालेलं ते रुग्णालय आणि १८८६ साली सुरू झालेलं आमचं पशुवैद्यकीय महाविद्यालय एकाच परळमध्ये आहेत, चालत जाण्याच्या अंतरावर. गावचा माणूस टाटाच्या फुटपाथवर रात्र काढतो आणि पलीकडे गुरांचंही हेच दुखणं शिकवलं जातं, अभ्यासलं जातं, हे त्याला ठाऊक नसतं. नुसतं शिकवलं जातं असंही नाही. १९६९ मध्ये परळच्याच कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या नाईक, बालकृष्णन आणि रांदेलिया यांनी भारतीय गोवंशातल्या शिंगाच्या कॅन्सरचा जातवार अभ्यास ब्रिटनच्या पशुवैद्यकीय नियतकालिकात छापला. माणसांच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या संस्थेतले लोक बैलाच्या शिंगाकडे वळले, कारण हा रोग जगात इतरत्र क्वचितच दिसतो. तो आपल्याकडचा आहे. वशिंडाच्या गुरांचा, त्यातही मोठ्या संख्येने खच्ची केलेल्या बैलांचा.

गाईला कमी, वळूला कमी आणि बैलाला जास्त, हे पशुवैद्यकांना फार पूर्वीपासून दिसत आलं आहे. का, याचं एकच उत्तर अजून ठरलेलं नाही. खच्चीकरणाने संप्रेरकांत होणारा बदल, जोताच्या दोरीचा आणि जुवाचा वर्षानुवर्षं होणारा घसारा, भर उन्हातलं काम, शिंगं तासणं आणि रंगवणं, वंशातून आलेला दोष, विषाणू. या सगळ्यांवर बोट ठेवलं गेलंय. गुजरातच्या मोठ्या शिंगांच्या कांकरेज बैलांत हा रोग ठळकपणे दिसतो, म्हणून तिकडे कामही जास्त झालं. आणंदच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या शास्त्रज्ञांनी निरोगी शिंगातली आणि रोगट शिंगातली जनुकं कशी वेगळी चालतात ते वाचून काढलं. ते शक्य झालं, कारण त्यांच्याकडे तुकडे होते. कुणीतरी शेतकरी, कुणीतरी डॉक्टर, शिंग कापल्यावर तुकडा नीट ठेवून पाठवत होता.

आता आपल्याकडचं बघा. आपलं कोकण कपिला जनावर बुटकं, काटक, आखूड शिंगांचं, पाच महिने पावसात भिजणारं आणि उरलेले महिने सड्यावरच्या सुक्या गवतावर निभावणारं. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, याचा आपल्याला अभिमान आहे. मग त्या जातीला कोणते रोग होतात, कोणत्या वयात होतात, हे लिहून ठेवायला नको का? आखूड शिंगाच्या गुराला हा रोग कमी होत असेल तर तेही मोलाचं आहे. पण ते कळायचं कसं? शिंग मोडलं की टर्पेंटाइनचा बोळा घालायचा, हळद-तेल लावायचं आणि बैल मेला तर माडाच्या नाहीतर आंब्याच्या मुळाशी पुरायचा. खताला चांगला म्हणून. मेलेल्या गुराबरोबर सगळी माहितीही जमिनीत जाते.

शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी केली. डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि शिंगाचं बूड यांच्या मधोमध, हाडाच्या कडेखाली शिंगाची नस असते. तिथे बधिरतेचं इंजेक्शन दिलं की शिंगाला भान राहत नाही. बैलाला थोडी गुंगी, चार माणसं धरायला, खाली पेंढ्याची गादी. बुडाभोवतीची कातडी गोल सोडवून घेतली आणि तारेच्या करवतीने शिंग हाडासकट कापलं. कापताना करपट वास येतो, तो नाकातून दोन दिवस जात नाही. आतला भाग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा होता, फिकट, चुरचुरीत, बोट लावलं की रक्त येणारा. पोकळी नव्हतीच, ती पूर्ण भरली होती. कपाळाच्या बाजूला जे दिसलं ते खरवडून काढलं, कातडी वरून ओढून शिवली. दुखण्यावर मेलॉक्सिकॅम. गुरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ पासून बंदी आहे, ती गिधाडांमुळे: ते औषध दिलेलं मेलेलं जनावर खाल्लं की गिधाडं मरतात. रायगडातल्या म्हसळ्याच्या चिरगावात अजून गिधाडं घरटी करतात, ती या बंदीवरही जगतायत, म्हणून कुणी स्वस्तात माणसांचं इंजेक्शन आणून देतो म्हणाला तर घेऊ नका.

मी हात धुवायला वळले तेवढ्यात आबांच्या नातवाने कापलेलं शिंग उचललं आणि उकिरड्याकडे निघाला. बिचारा साफसफाई करत होता. मी त्याला थांबवलं, शिंग परत मागून घेतलं आणि रोगट आणि निरोगी भाग जिथे एकमेकांना भिडतात त्या कडेवरून तुकडे घेतले. मधला सडका भाग घेऊन उपयोग नसतो, तिथे नुसती मेलेली पेशी मिळते. कडेवरच कळतं की रोग कुठवर शिरलाय. मुलगा आठवीतला होता. त्याने विचारलं, यात बघून काय होणार, शिंग तर कापून झालंच. मी त्याला सांगितलं ते इथेही सांगते: या तुकड्याने याच बैलाचा निर्णय ठरतो. साधं मोडलेलं शिंग असेल, सायनसमध्ये पू साचला असेल, तर जखम भरली की बैल जोताला जाईल. कॅन्सर असेल तर तो परत उगवू शकतो, कानाखालच्या गाठीत उतरू शकतो, आणि मग पुढचं औषध आधीच ठरवावं लागतं. डोळ्याने बघून दोन्ही सारखंच दिसू शकतं.

अहवाल कॅन्सरचाच आला, चपट्या पेशींचा. काचपट्टीवर त्यात गोल गोल थरांचे पुंजके दिसतात, आम्ही त्यांना केराटिनचे मोती म्हणतो. कॉलेजात पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला ते सुंदर वाटले होते. आता वाटत नाहीत, आता त्यामागे गोठा दिसतो.

पुढच्या औषधाबद्दल थोडं. अशा बैलांत शस्त्रक्रियेनंतर व्हिन्क्रिस्टिन नावाचं औषध शिरेतून देतात. ते सदाफुलीपासून मिळतं. तीच सदाफुली, जी आपल्या अंगणात, तुळशीकडे, समुद्राच्या वाळूतही विनापाणी फुलते. पानांतून हे औषध इतकं कणभर निघतं की किलोभर पाला उकळून पाजण्याने काही साधत नाही, उलट विषबाधा होते. सदाफुलीचा काढा बैलाला पाजू नका, माणसालाही नको. औषध शिरेबाहेर सांडलं तर तिथलं मांस जळतं, म्हणून ते डॉक्टरनेच द्यायचं. ते परवडण्याचाही प्रश्न असतो. आबांनी तो खर्च केला. त्यांना मी कमी पैशांत काय होईल तेही सांगितलं होतं, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझ्या जोताचो बैल, माका ठरवूंदे." त्या हंगामात त्यांनी भाताला पॉवर टिलर भाड्याने आणला. बैल गोठ्यात राहिला. मी तिकडे गेले की त्याच्या कानाखाली चाचपून बघते.

शिंगाव्यतिरिक्त आमच्याकडे वाढत चाललेली दुसरी तक्रार डोळ्याची. दुधासाठी होल्स्टीन संकराच्या गाई आल्या, त्यांच्यातल्या काहींचा चेहरा पांढरा, पापण्या गुलाबी. काळा रंग नसलेल्या पापणीवर कडक उन्हाचा मारा थेट बसतो आणि तिथे, विशेषतः आतल्या तिसऱ्या पापणीवर, कॅन्सर धरतो. परदेशात पांढऱ्या तोंडाच्या हेरफर्ड गाईंमध्ये यावर पुष्कळ काम झालेलं आहे. सुरुवातीला ते तांदळाएवढं गुलाबी बोंड असतं. तेव्हाच ती तिसरी पापणी काढली तर गाय डोळ्यासकट वाचते. पण डोळ्यातून पाणी आलं की आपल्याकडे मिठाचं पाणी, नाहीतर चावलेल्या तंबाखूची पिचकारी. त्यात महिने जातात. मग पूर्ण डोळाच काढावा लागतो, आणि नंतर तेही पुरत नाही. पांढऱ्या तोंडाच्या गाईला भर दुपारी सड्यावर सोडू नका, सावलीत बांधा, एवढंच करायचं आहे.

आणि चामखीळ. वासरांच्या मानेवर, गाईच्या सडांवर उगवणाऱ्या त्या खरखरीत मोसांबद्दल मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं, कारण त्या गोठ्यातून थेट आपल्या मुलींपर्यंत येतात. रोग म्हणून नव्हे, त्याचा विषाणू माणसाला लागत नाही. लस म्हणून येतात.

गुरांच्या चामखिळी पॅपिलोमा विषाणूने होतात. बहुतेक आपोआप झडतात, वर्षाच्या आत. स्कॉटलंडमध्ये बिल जॅरेट नावाच्या पशुवैद्यकाने डोंगराळ भागातल्या गाईंच्या अन्ननलिकेचा कॅन्सर अभ्यासला आणि १९७८ मध्ये दाखवून दिलं की यातला एक विषाणू आणि गाई खातात तो एक नेचा, ब्रॅकन, हे दोघं मिळून तो कॅन्सर घडवतात. एकटा विषाणू चामखीळ करून थांबतो. नेच्यातलं विष जोडीला आलं की पेशी बिघडते. विषाणूमुळे कॅन्सर होतो, पण सोबत आणखी काही लागतं, हे गाईने इतकं स्वच्छ दाखवलं. पुढे १९९२ मध्ये अमेरिकेत शिलर आणि लोवी यांच्या प्रयोगशाळेत गाईच्या चामखिळीच्या विषाणूचं बाहेरचं कवच, आतला रोगट मसाला काढून, नुसतं कवच, बनवून दाखवलं गेलं. असं रिकामं कवच शरीराला खऱ्या विषाणूसारखंच दिसतं आणि शरीर त्याच्याविरुद्ध तयार होतं. याच मार्गाने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस निघाली. २०२३ च्या जानेवारीत पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आपली स्वतःची लस, सर्व्हाव्हॅक, बाजारात आणली तिच्यामागेही तीच रिकाम्या कवचाची युक्ती आहे, फक्त कवच माणसाच्या पॅपिलोमा विषाणूचं.

मला हे गावातल्या बायकांना सांगायला आवडतं. दूध काढताना सडाला चामखीळ आहे म्हणून तक्रार घेऊन आलेली बाई असते, शेजारी तिची बारा-तेरा वर्षांची मुलगी उभी असते. मी आधी गाईचं बघते, मग त्या मुलीची लस झाली का विचारते. लस सुरू होण्याचं चांगलं वय नऊ ते चौदा. बाई गोंधळते, गुरांची डॉक्टरीण हे का विचारते म्हणून. सांगितलं की ऐकते. तिच्या गाईच्या चामखिळीवरून कुणीतरी तिच्या मुलीसाठी औषध शोधलंय, हे तिला कळतं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असतो, आणि मला या पेशात आल्याचं समाधान वाटतं.

रक्ताचा कॅन्सर गाईंमध्येही असतो, तोही विषाणूने होणारा. लागण झालेल्या बहुतेक गाई आयुष्यभर धडधाकट दिसतात, फार थोड्यांना गाठी येतात. त्यातली आपल्या हातातली गोष्ट एकच: तो विषाणू रक्तातून जातो. लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाला एकाच सुईने पूर्ण वाडीची गुरं टोचली जात असतील तर हात धरून थांबवा. सुई दर जनावराला वेगळी. मला स्वतःला घाईच्या दिवशी हे सांगणारा गावकरी फार आवडतो.

लाल लघवीचं मात्र वेगळं. डोंगराळ भागांत नेचा खाऊन मूत्राशयाचा कॅन्सर होणारी गुरं आहेत. पण आपल्याकडे लघवी लाल झाली की आधी गोचिडतापच, आणि त्याला त्याच दिवशी औषध लागतं. कॅन्सरची वाट बघत बसू नका.

आता बरणीतल्या तुकड्याचं. एका प्रयोगशाळेला पाठवलेल्या तुकड्याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही, आणि ज्याची गाय होती त्याने परत विचारणंही सोडून दिलं. तो राग मला आहे. तरीही पाठवत राहायचं, कारण न पाठवलेल्याचं उत्तर तर कुठूनच येत नाही. गाठ, शिंग, डोळा, कुठलाही भाग कापून काढला गेला तर डॉक्टरला सांगा, तुकडा पाठवायचाय. बाजारातलं फॉर्मेलीन एक भाग, पाणी नऊ भाग. तुकडा अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नको, नाहीतर आतपर्यंत औषध पोचत नाही आणि मध्यभाग सडतो. द्रव तुकड्याच्या दहापट. हे काम डॉक्टरचं, फॉर्मेलीन डोळ्याला आणि छातीला वाईट, पोरांच्या हाताला लागू देऊ नका. डॉक्टर येईपर्यंत कापलेला भाग स्वच्छ पिशवीत गुंडाळून फ्रिजच्या खालच्या खणात ठेवा. बर्फाच्या खणात नको, गोठलं की पेशी फुटतात. मिठात तर अजिबात नको. मासे नव्हेत ते.

सोबत एक कागद. त्यावर गुराची जात, वय, बैल की गाय, खच्ची कधी केला, कोणतं शिंग, जोताला किती वर्षं, दिवाळीच्या पाडव्याला शिंगांना ऑइल पेंट लावता की गेरू, किती महिन्यांपूर्वी डोकं झटकायला लागला. तालुक्यातल्या इतर डॉक्टरांना मी हाच कागद भरायला सांगते आहे, काहींनी सुरुवातही केली. सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीत कुणाच्या गोठ्यात शिंग हलत असेल, नाकपुडीतून एकाच बाजूने रक्त येत असेल, तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पथकाला कळवा. आणि तिथल्या डॉक्टरला पहिल्याच दिवशी हे सगळं विचारायला सांगा, शिंग सैल व्हायच्या आधी.